तुतवार, प्रमाणात नाही

‘चांगले आलेत तेवढेच काढा,’ असं मी फोटोच्या दुकानात सांगितलं आणि ऐटीत पावती खिशात घातली. वाक्य माझं नव्हतं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने ते उच्चारलं होतं, आणि मला ते फार जाणकार माणसाचं वाक्य वाटलं होतं. मी अकरावीत होतो. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडी कसं शोभेल हे बघण्याचंच ते वय. चार दिवसांनी पाकीट घ्यायला गेलो तर ते हाताला फारच हलकं लागलं. आत चार फोटो. पहिल्यात प्रभाकरकाकाची पाठ. दुसऱ्यात काकाचं कोपर आणि पलीकडे अर्धी होडी. तिसऱ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण, जी ऐन वेळी मध्ये आली होती आणि मनापासून हसत होती. चौथ्यात पुन्हा काका, शिंकताना. हर्णैच्या किनाऱ्यावर पोटावर पालथा पडून मी दोन रोल संपवले होते ते काय काकाच्या शिंकेसाठी? मी काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, ‘बाकीचे कुठायत?’

‘बाकीच्यांत कोणी नाहीये,’ ते म्हणाले. ‘सगळे तपासले मी. नुसते पक्षी आहेत.’

‘अहो, मी पक्षीच काढले होते.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘मग तसं सांगायचं,’ म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पुण्यात या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. मी निगेटिव्हच्या पट्ट्या घेऊन निमूट घरी आलो.

प्रभाकरकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा नोकरीसाठी वर्धेकडून पुण्याला आले, आणि हा त्यांच्याही पुढे जाऊन थेट हर्णैच्या बंदरावर टेकला, मासळीच्या सरकारी कचेरीत. आमच्या घराण्यात त्याच्याआधी कोणी समुद्र पाहिला नव्हता. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला एक कॅमेरा दिला आणि ‘जा, समुद्राचे काढ,’ म्हणाला. समुद्राचे दोन काढल्यावर माझ्या लक्षात आलं की समुद्र फोटोत सगळीकडे सारखाच येतो. मग मला तुतवार दिसले. तुतवार म्हणजे वीतभर पक्षी. लाट मागे सरली की तिच्या मागे धावत जाऊन ओल्या वाळूत चोच खुपसायची, आणि लाट परतली की तिच्या पुढे पुढे पळत सुटायचं, जणू पाय भिजले तर घरी ओरडा बसणार आहे. असा त्यांचा दिवसभराचा उद्योग. थोडं अलीकडे पांढरे कुरव पक्षी वाऱ्याकडे तोंड करून रांगेत उभे असायचे, कोणा पुढाऱ्याची वाट बघत असल्यासारखे. मी रांगत जवळ जायचो. मी एक हात पुढे सरकलो की ते न बघितल्यासारखं करून एक हात मागे सरकायचे. कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलं की मघाशी एवढाले दिसणारे पक्षी मोहरीएवढे व्हायचे. शर्टात वाळू, कोपराला खरचटलेलं, मागून कोळणींचं हसणं. एक म्हणाली, ‘आरं, त्यांचं काय काढतोस, माजा काढ की.’ तीच पुढे तिसऱ्या फोटोत आली. एकूण तिचंच म्हणणं खरं झालं.

घरी येताना काकाने सुकट आणि सुके बोंबील यांचं भलंमोठं गाठोडं बांधून दिलं होतं, आणि या प्रकरणातलं बरंचसं त्या गाठोड्यामुळे घडलं. आम्ही कर्वेनगरात एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि एक बाल्कनी. आसपासचे बंगले पडून इमारती उठत होत्या, त्यामुळे दिवसभर खडी कालवणाऱ्या यंत्राचा गुरगुराट चालू. आईने कुकरची शिट्टी ऐकायची तर बाल्कनीचं दार लावावं लागायचं. आमच्याकडे पाटवडीचा रस्सा व्हायचा, गोळाभात व्हायचा, ठेचलेल्या जवसाची चटणी बारा महिने असायची, आणि त्या फोडणीने जिन्यातून येणारेजाणारे शिंकायचे. खालच्या मजल्यावरच्या लेलेकाकू आमच्या स्वयंपाकाचा उल्लेख ‘तुमच्याकडचं ते’ असा करायच्या. ‘आज तुमच्याकडचं ते झालंय वाटतं,’ एवढंच. आई सकाळी बालवाडीत मदतनीस म्हणून जायची. तिथल्या पंचवीसेक पोरांशी सकाळभर शुद्ध पुणेरी बोलून ती दमायची आणि घरात पाऊल टाकलं की आपल्या बोलीवर यायची. मी बाहेर ‘मला, तुला’ म्हणायचो आणि तिच्याशी ‘मले, तुले’. ऑफिसात आणि घरात दोन वेगळ्या चपला घालतात, तसं.

बाबा एका सरकारी कचेरीच्या नकाशा विभागात अनुरेखक होते. हा शब्द आता सांगितला तर माझ्या मुलीला तो शिवी वाटतो. इंजिनियर धरणाचा, कालव्याचा नकाशा पेन्सिलीने काढायचे. त्यावर पारदर्शक कागद पसरून तीच रेघ शाईने नेमकी गिरवायची, केसभरही इकडेतिकडे नाही, हे अनुरेखकाचं काम. त्या ट्रेसिंगवरून मग अमोनियाच्या कागदावर निळ्या प्रती निघायच्या आणि गावोगाव जायच्या. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने ती अलगद खरवडायची. बाबा कधी कधी काम घरी आणायचे, आणि रविवारी दुपारी ती ब्लेडची खर्र खर्र ऐकत मला झोप लागायची. लोकांना आई गाणं म्हणून झोपवते. मला वडिलांच्या चुका झोपवायच्या. आता वाटतं, त्या फार थोड्या असाव्यात, कारण मी लहानपणी कमीच झोपायचो असं आई सांगते.

त्या वर्षी कचेरीत कंप्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली केली, तिला काचेचं दार बसवलं आणि आत थंड हवेचं यंत्र. साहेबांच्या केबिननंतर गार हवा मिळालेला कचेरीतला तो पहिला कर्मचारी. नकाशे आता त्याच्यावर निघणार होते. अनुरेखकांनी प्रशिक्षण घ्यावं असं सांगण्यात आलं. दोघांनी घेतलं. बाबांनी नाही म्हटलं. मग त्यांच्याकडे फायलींच्या कव्हरवर नावं घालायचं काम आलं. अक्षर सुंदर होतं, तक्रारीला जागाच नव्हती. त्याच सुमारास आमच्या विहाराच्या समितीनेही ठरवलं की यंदापासून जयंतीचा फलक बाबांच्या हातचा नको, कंप्युटरवर छापून आणू, लवकर होतो. सांगायला आलेल्या माणसाने अगदी प्रेमाने सांगितलं. ‘तुमचा त्रास वाचला, दादा.’ बाबा ‘बरं’ म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आपली ट्रेसिंगची पेनं धुतली, पुसली, डबीत ठेवली आणि डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ढकलली.

मग जेवताना एकदा म्हणाले, ‘मार्चअखेर अर्ज देतो. स्वेच्छानिवृत्ती. गावाले जाऊ.’

आईने भाकरी थापता थापता विचारलं, ‘तिथं काय करायचं?’

‘इथं काय करून राहिलो? गिरवायचं काम यंत्राले दिलं. आता त्याले पाणी नेऊन देऊ काय?’

भाकरी त्या दिवशी जरा जास्तच थापली गेली. गावी चुलतआजोबांच्या घरात एक खोली होती आणि शेत नव्हतं. आईची बालवाडी सुटणार होती, माझं कॉलेज सुटणार होतं. हे सगळ्यांना कळत होतं. बाबा घरी आले की बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीचे मजले चढताना बघायचे. घरात खर्र खर्र थांबली होती. मला दुपारची झोप येईना.

तर ते गाठोडं. सुकटीला इतर डब्यांपासून लांब, खिडकीजवळची फळी रिकामी करून द्यायची असं आईने ठरवलं. मी डबे उतरवू लागलो. फळ्यांवर अमोनियाचा कागद अंथरलेला होता. कचेरीतलं जुनं छपाईचं यंत्र मोडीत निघालं तेव्हा मुदत संपलेल्या कागदाच्या गुंडाळ्या साहेबांनी ‘ने घरी, नाहीतर फेकायच्याच आहेत’ म्हणून बाबांना दिल्या होत्या. एरवी आमच्या फळ्यांना वर्तमानपत्र असायचं. त्या वर्षी सरकारी कागद आला आणि आमचा दर्जा वाढला. मी तिखटाचा डबा उचलला तर त्याच्याखाली कागदावर एक पिवळं, गोल, रेखीव वर्तुळ. डाळीच्या डब्याखाली मोठं. हळदीच्या बरणीखाली लहान. भोवतीचा कागद पांढराफटक.

‘हे काय झालं?’ मी म्हणालो.

बाबा बाल्कनीतून आत आले, बघितलं. बऱ्याच दिवसांनी ते कशाबद्दल तरी एवढं बोलले. ‘त्या कागदाले ऊन खाते. पिवळं आहे ते औषध. ऊन लागलं का जाते. झाकलेलं तेवढं राहते. त्याले अमोनियाची वाफ दिली का निळं होते. नकाशा असाच निघते, दुसरं काय.’ आणि पुन्हा बाल्कनीत गेले.

मी त्या वर्तुळांकडे बघत उभा राहिलो. मला काही मोठं सुचलं असं सांगायला आवडलं असतं. सुचलं एवढंच की दुकानदाराने न काढलेले माझे पक्षी याच्यावर फुकटात निघतील. पुन्हा घरी फोटोसाठी पैसे मागायचं तोंड मला नव्हतं.

पहिल्या रविवारी मी गच्चीवर जाऊन कागदावर माझा हात ठेवला आणि उन्हात बसलो. मग कागदाची सुरळी करून, गुंडाळ्यांबरोबर आलेल्या बाटलीतल्या अमोनियाची वाटी तळाशी ठेवून, झाकण लागेल अशा भांड्यात घालायची होती. घरात एवढं उंच भांडं एकच, ज्वारीची कोठी. आई बालवाडीच्या बैठकीला गेली होती. ज्वारी मी उशीच्या अभ्र्यात काढली. थोड्या वेळाने झाकण उघडलं तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक बंद, आणि हातात माझाच हात, निळा, पाचही बोटं शाबूत. मी इतका हरखलो की झाकण परत लावायला विसरलो. वास जिना उतरत गेला. लेलेकाकू पदराने नाक धरून वर आल्या. त्यांनी सुकटीच्या फळीकडे बघितलं, माझ्या रडवेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘काकांनी मासे दिलेत की अख्खं बंदरच धाडलंय?’

आईने परत आल्यावर जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. पुढे दोन आठवडे भाकरीला अमोनियाचा वास येतो असं ती म्हणायची, आणि मला तो मुळीच येत नाही असं मी शपथेवर सांगायचो. पण कोठी मला मिळाली. ज्वारी तिने पत्र्याच्या ट्रंकेत हलवली. त्यामागे काही विचार असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

निगेटिव्ह छोट्या, त्या मोठ्या करायच्या म्हणून मी तुपाच्या रिकाम्या डब्यात दिवा बसवला, पुढे पुठ्ठ्याच्या चौकटीत निगेटिव्ह आणि त्याच्यापुढे बाबांचं जुनं भिंग. आतल्या खोलीची खिडकी सतरंजीने झाकली. भिंतीवर तांबूस उजेडाचा एक हलणारा चौकोन पडला आणि त्यात, उलटे लटकलेले, हर्णैचे पक्षी. निगेटिव्हमध्ये रंगही उलटे असतात. पांढरे कुरव काळे आणि त्यांच्यामागची ओली वाळू अंधारी जांभळी. मोहरीएवढे पक्षी आता माझ्या पंजाएवढे झाले होते. भिंतीवर ट्रेसिंगचा कागद डकवून मी ते गिरवायला लागलो. पक्षी सुलटे करायला पट्टी उलटी घालायची असते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी खाली डोकं वर पाय अशा तुतवारांचा एक अख्खा थवा काढला होता.

संध्याकाळी बाबा पाणी प्यायला आत आले आणि माझ्या मागे थांबले. मी मुद्दाम वळलो नाही.

‘हा पाय आहे काय?’ ते म्हणाले.

‘हो.’

‘मले वाटलं काडी पडली.’ आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. ‘रेघ एका दमात ओढावं. तू मध्ये मध्ये श्वास घेऊन राहिला.’ आणि गेले. तिसऱ्या दिवशी ‘पेन कोणतं आहे तुझं?’ माझं शाळेतलं शाईचं पेन होतं, त्याच्या निबेतून डाग पडत होते. त्यांनी ते हातात घेतलं, बघितलं आणि मेलेलं झुरळ ठेवावं तसं खाली ठेवलं. मी आईकडे बघितलं. आई कांदा चिरत होती. तिने मान वर न करता म्हटलं, ‘स्टूल तिकडं आहे.’ बाबा स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून डबी काढली.

मला वाटलं, झालं, जिंकलो. आता पाच मिनिटांत एकेक पक्षी. बाबांच्या हाताला काय अवघड? त्यांनी कागद नीट ताणून डकवला, पेन झटकून बघितलं, एका तुतवारापुढे हात नेला. हात तिथेच थांबला. पुढे गेला, पुन्हा थांबला. दिव्याच्या उष्णतेने डबा तडतडत होता.

‘याची रेघ कुठं आहे?’ त्यांनी विचारलं.

मी भिंगाची जागा थोडी पुढेमागे केली. फोटोच मुळात हललेला. पक्षी पळत होता आणि मी थरथरत होतो. पोट कुठे संपतं आणि वाळू कुठे सुरू होते ते धुरकटच होतं. नीट करता येण्यासारखं नव्हतं.

‘नाहीये,’ मी म्हणालो. ‘हललाय तो.’

‘मग गिरवू काय?’

‘तुम्हीच ठरवा ना, कुठून न्यायची ती.’

मी हे वैतागून बोललो होतो, त्यात काही शहाणपण नव्हतं. पण बाबा माझ्याकडे वळून बघत राहिले. इतकी वर्षं त्यांच्या पेनाखाली नेहमी दुसऱ्या कोणाची तरी रेघ असायची. कालवा कुठून वळवायचा, भिंत कुठे उभी करायची, ते साहेबाने ठरवलेलं. तुम्हीच ठरवा, असं पेन हातात असताना त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचलोय म्हणून हे लिहू शकतो. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाबांच्या कपाळावर घाम आलाय, आणि मला वाटलं दिव्याचा असेल.

त्यांनी श्वास धरला आणि रेघ ओढली. चोचीपासून डोकं, मान, पाठ, शेपटी, एका दमात. मग मागे सरून बघितलं. ‘चुकली,’ म्हणाले, आणि खिशातून अर्धं ब्लेड काढलं. पेनं फळीवर ढकलली होती तरी ब्लेड खिशातच राहिलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. खर्र खर्र. पुन्हा श्वास, पुन्हा रेघ. आईने स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला. त्या संध्याकाळी एकच पक्षी झाला. पण तो पळत होता. पुढचा पाय पाण्याला लागेल की काय अशा बेताने उचललेला, आणि बघणाऱ्याला वाटावं, आता ओरडा बसणार.

पुढच्या रविवारपर्यंत थवा पुरा झाला. सात तुतवार पळताहेत, कडेला एक कुरव पाठ फिरवून उभा. गच्चीवर काचेखाली कागद लावला. बाबा उकिडवे बसून कोपऱ्यावर लक्ष ठेवून. ‘कोपरा पांढरा झाला का उचल. अजून नाही. अजून नाही. हं.’ कोठीतून प्रत बाहेर काढली तेव्हा आम्ही दोघेही रडत होतो, अमोनियाने. प्रत जमिनीवर पसरली. निळे पक्षी, फिकट पांढरा किनारा. आणि मग मला ते दिसलं. बाबांनी चारी बाजूंनी सरकारी समास आखला होता. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. आणि खाली उजवीकडे, दर नकाशावर असते तशी, चौकटींची पाटी, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात: ‘विषय – तुतवार पक्षी, हर्णै किनारा. प्रमाण – प्रमाणात नाही. रेखांकन – चि. मिलिंद. अनुरेखन –’ आणि त्यांचं नाव. शेवटची चौकट ‘मंजूर’. तेवढी कोरी.

‘बाबा, हे काय? हे चित्र आहे.’

‘कागदाले पाटी लागते. नाहीतर कोणाचा कागद, कुठचा कागद, कसं कळन?’

‘आणि उत्तर दिशा?’

‘पक्षी पळून राहिले ना. कुठं पळून राहिले ते नको काय समजाले?’

आई पदराला हात पुसत आली, वाकून सगळं वाचलं. ती सातवी शिकलेली, वाचताना ओठ हलायचे. तिने कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. ‘हे कोरं काहून?’

‘तिथं साहेबाची सही असते,’ बाबा म्हणाले. ‘आपल्याले तो अधिकार नाही.’

‘घरात साहेब कोण आहे?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईने हात पुढे केला. बाबांनी पेन दिलं. प्रतीवर सही करायची नसते, ती ट्रेसिंगवर असते, हेही त्यांनी सांगितलं. मग आईने ट्रेसिंग मागितली, पाटावर ठेवली आणि त्या चौकटीत, जीभ जरा बाहेर काढून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. शकुंतला चौकटीत मावली नाही, ‘ला’ समासात गेला. पेन परत देता देता ती म्हणाली, ‘हे मंजूर. अन् मार्चअखेरचं ते नामंजूर. त्याच्यावर माझी सही नाही भेटणार.’

बाबांनी पेन पुसलं. दोनदा पुसलं. मग म्हणाले, ‘दुसरी प्रत काढा लागन. सहीसकट.’

सोमवारी त्यांनी काय केलं ते मला पुढे त्यांच्या कचेरीतल्या मित्राकडून कळलं. ते काचेचं दार ढकलून गार खोलीत गेले. यंत्रावर बसणाऱ्या मुलाला म्हणाले, ‘याच्यावर पक्ष्याचा पाय निघतो काय?’ मुलाने प्रयत्न केला. निघाली ती काडी. बाबा म्हणाले, ‘सरका जरा. मला दाखवा, रेघ कशी ओढायची याच्यात.’ प्रशिक्षणाची ती खेप संपली होती. त्यांनी पुढच्या खेपेत नाव घातलं, आणि निवृत्तीपर्यंत त्याच गार खोलीत स्वेटर घालून बसले. यंत्राला श्वास धरता येत नाही ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या हॉलमध्ये आमचे पक्षी दोरीला चिमटे लावून टांगले. तोवर कुरव, सुरय आणि चिखल्या, किनाऱ्यावरचे सगळे झाले होते, प्रत्येकाला समास, बाण, पाटी आणि आईची सही. आता ती चौकटीत मावायला लागली होती. फलक कंप्युटरवर छापलेला होता आणि बरा होता. लोक चित्रांपाशी थांबत, आधी खालची पाटी वाचत, मग वर बघत. एक निवृत्त ओव्हरसियर बराच वेळ चष्मा वरखाली करत उभे होते. शेवटी त्यांनी बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘हे कोणत्या धरणाचं?’ बाबा इतके हसले की आईला पाणी आणावं लागलं.

मी पुढे कंप्युटरचंच शिकलो आणि कंप्युटरचंच खातो. पडद्यावर लोक जी बटणं दाबतात त्यांचे आकार ठरवणं हे माझं काम. बापाने रेघ कुठे न्यायची ते ठरवलं, मी कोपरे किती गोल करायचे ते ठरवतो. पहिल्या पगारातून मी तुतवारांची ती पहिली सहीवाली प्रत कसब्यातल्या फ्रेमवाल्याकडे नेली. मला तेव्हा कलेतलं फार कळायला लागलं होतं. समास, बाण, पाटी हे सगळं कारकुनी दिसतं, असं मी त्याला सांगितलं आणि चारी बाजूंनी रुंद पुठ्ठा घालून ते झाकून टाकायला लावलं. नुसते पक्षी दिसले पाहिजेत. बाबांनी फ्रेम बघितली आणि ‘छान’ म्हणाले. आईने विचारलं, ‘मी कुठं गेली?’ मी म्हटलं, ‘आत आहेस.’

परवा रंगकामासाठी ती फ्रेम भिंतीवरून उतरवली. आईबाबा आता नाहीत. इतकी वर्षं समोरच्या खिडकीतलं ऊन खाऊन पक्षी जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. डोळे बारीक केले तर एखादी पाठ, एखादा उचललेला पाय. मला फार वाईट वाटलं. माझी बायको वृंदा कसब्यात वाढलेली, वाईट वाटून घेण्याआधी ती वस्तू उलटी करून बघते. तिने मागचे खिळे उपटले, काच काढली, पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याखाली झाकलेलं सगळं जसंच्या तसं होतं, काल कोठीतून काढावं तसं गडद निळं. उत्तरेचा बाण. प्रमाणात नाही. चि. मिलिंद. बाबांचं नाव. आणि शकुंतला, ‘ला’ समासात गेलेली.

वृंदाने लग्नापासून त्या फोटोवाल्याची गोष्ट माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की पाहुण्यांसमोर ती माझ्याआधीच माझं ते उसनं वाक्य म्हणून टाकते. तिने कागद खिडकीपासून लांब, सावलीत धरला. मग पाटी शेवटच्या चौकटीपर्यंत वाचली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘चांगलं आलंय तेवढं राहिलंय की. आता पुठ्ठा नका घालू.’